शेजारचा गाळा, तोच धंदा

आमच्या ओळीतल्या सगळ्या गाळ्यांत एकच काम चालतं. लेथ, मिलिंग, एखाद-दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) यंत्रं आणि मोठ्या कारखान्यांकडून येणारं जॉबवर्क: शाफ्ट, बुश, पिना, फ्लँज. गिऱ्हाइकं बरीचशी तीच, माल देणारे व्यापारी तेच. कारागीरसुद्धा तेच, कारण आज या गाळ्यात असलेला माणूस दोन वर्षांनी त्या गाळ्यात दिसतो. अशा ठिकाणी शेजाऱ्याशी कसं वागलं जातं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तोंडावर बोलणं गोड, पण शेजारी आत शिरला की टेबलावरच्या ड्रॉइंगवर हळूच फडकं पडतं.

याच ओळीतले आम्ही आठ-दहा जण पुढे कच्चा माल एकत्र मागवायला लागलो, मोजमापाची महागडी उपकरणं मिळून वापरायला लागलो आणि अडीनडीला एकमेकांची कामं उतरवून द्यायला लागलो. हे कसं जमत गेलं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहितोय, कारण ‘आधी एकमेकांवर विश्वास हवा, मग एकत्र काम होतं’ हे मी प्रत्येक बैठकीत ऐकलंय आणि आमच्याकडे जे झालं ते याच्या उलट क्रमाने झालं.

एकत्र येण्याची गरज सगळ्यांना आधीपासून कळत होती. पोलादाची मिल थोडाथोडका माल देत नाही. त्यामुळे छोटा कारखानदार व्यापाऱ्याकडून चार-सहा बार, म्हणजे पोलादाचे दांडे, उचलतो, दर जास्त देतो, आणि ते बार एकाच हीटचे असतील याची खात्री नसते. भट्टीतून एका वेळी जेवढं पोलाद ओतलं जातं ती एक हीट. ग्रेड तोच असला तरी दोन हीटमध्ये कार्बन, मँगनीज थोडं इकडेतिकडे असतं. टूल कसं झिजतं, कडक करताना पीस किती वाकतो, हे त्यावर बदलतं. अख्खी ऑर्डर एका हीटच्या मालातून केली तर एकदा लावलेलं सेटिंग शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे एकत्र खरेदीत दराचा फायदा होताच, कामाचाही होता.

तरी ते वर्षानुवर्षं झालं नाही. एकदा रीतसर प्रयत्न झाला होता. संघ काढायचा, घटना लिहायची, प्रत्येकाने अनामत भरायची, त्या पैशातून माल आणायचा. बैठकीला सगळे आले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पैसे कुणाच्या खात्यात ठेवायचे या प्रश्नावर विषय थांबला. ‘माझा तुमच्यावर भरवसा नाही’ असं कुणीच म्हणालं नाही. ‘बघू’, ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे’, ‘घरी विचारतो’ असं म्हणत सगळे पांगले. मला त्यात कुणाचा दोष वाटत नाही. ज्या माणसाशी आपण रोज कोटेशनवरून झुंजतो, त्याच्या हातात आगाऊ पैसे द्यायचे, तेही त्याने कधी आपलं काही सांभाळलेलं नसताना, हे मागणंच फार मोठं होतं.

सुरुवात झाली ती एका मोडलेल्या स्पिंडलमुळे. आमच्या सीएनसीच्या स्पिंडलचं बेअरिंग संध्याकाळी बसलं आणि सकाळी शाफ्ट द्यायचे होते. उजवीकडच्या गाळ्यातले भाऊ माझे थेट प्रतिस्पर्धी; त्याच गिऱ्हाइकाच्या कामासाठी आम्ही दोघांनीही दर दिलेले होते. दुसरा उपाय नव्हता म्हणून त्यांच्याकडे गेलो. जाण्याआधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट, जिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो, ती आत दुमडून वर चिकटपट्टी लावली. भाऊंनी ड्रॉइंग हातात घेतलं, दुमडलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि काही न विचारता म्हणाले, “माल तुझा, इन्सर्ट माझे. पहिला पीस निघाला की हाक मारतो, तू माप घे, मग पुढचे लावतो.”

पहिला पीस निघाला. २५ मिलिमीटर व्यास, एच-६ ची बसणी, म्हणजे सगळी मिळून १३ मायक्रॉनची मोकळीक; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाऊंच्या मायक्रोमीटरवर पीस बरोबर होता, माझ्या मायक्रोमीटरवर तो चार-पाच मायक्रॉनने मोठा येत होता. १३ मधले चार-पाच म्हणजे थोडेथोडके नव्हेत. अशा वेळी दोघंही आपलंच माप खरं म्हणतात आणि तिथेच भांडण होतं. भाऊंनी पीस बाजूला ठेवला, आपल्या कपाटातून स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा प्रमाण ठोकळा, काढलं, पुसलं, आणि दोन्ही मायक्रोमीटर त्यावर लावून दाखवले. दोन्ही थोडे थोडे, विरुद्ध बाजूंना चुकत होते. शिवाय पीस अजून कोमट होता. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात. २५ मिलिमीटरचा पोलादी दांडा त्याहून दहा अंश गरम असला तर जवळपास तीन मायक्रॉन फुगलेला असतो. आम्ही तो निवू दिला, दोन्ही मायक्रोमीटर शून्यावर आणले, पुन्हा मोजलं. आकडे जुळले. रात्रीत सगळे शाफ्ट उतरले.

त्या रात्री मला भाऊंविषयी जे कळलं ते दहा बैठकांत कळलं नसतं. त्यांनी नाव विचारलं नाही, दर विचारला नाही, आणि पुढच्या कित्येक महिन्यांत त्या कामासाठी त्या गिऱ्हाइकाकडे गेले नाहीत. गेले असते तर मला कळलंच असतं. फसवायची संधी समोर होती, मला ती दिसत होती, त्यांनाही दिसत होती, आणि ती त्यांनी घेतली नाही. शेजारच्या माणसावरचा भरवसा माझ्या मते असाच बनतो. नुकसान होईल इतपत खरं, पण धंदा बुडणार नाही इतपत लहान काहीतरी त्याच्या हाती द्यायचं, आणि पुढे काय होतं ते तपासता आलं पाहिजे. थोड्या दिवसांनी भाऊच त्यांचं जादा झालेलं मिलिंग घेऊन आले. त्यांच्या ड्रॉइंगचीही चौकट दुमडलेली होती. वर्षभरात केव्हातरी ती दुमडणं बंद झालं. नेमकं कधी ते दोघांनाही आठवत नाही.

याच काळात मी या विषयावर मिळेल ते वाचत होतो. रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास तज्ज्ञांकडून संगणकाचे कार्यक्रम मागवून त्यांची स्पर्धा लावली होती. प्रत्येक फेरीत समोरच्याला साथ द्यायची की दगा, एवढाच निर्णय, पण तोच सामना पुन्हा पुन्हा. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सगळ्यात छोटा कार्यक्रम: पहिल्यांदा साथ द्यायची, नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करायचं. त्यातून अ‍ॅक्सलरॉडने काढलेला मुद्दा आमच्या ओळीला थेट लागू आहे. माणसं भली असोत वा नसोत, उद्या पुन्हा गाठ पडणार हे नक्की असेल तर साथ देणं परवडतं. आणि गाळ्यांच्या ओळीत उद्याची गाठ चुकवताच येत नाही. कुलूप उघडतानाच समोरासमोर येतो. आम्ही शेजारीपणाला अडचण समजत होतो. हमी नेमकी त्यातच होती.

भाऊंच्या मायक्रोमीटरवरून दुसरी गोष्ट निघाली. चांगलं स्लिप गेज सेट, रिंग गेज, बोअर गेज ही उपकरणं महाग, आणि एका गाळ्यात ती बहुतेक वेळ पेटीतच पडून असतात. आम्ही चौघांनी आपापल्याकडची उपकरणं एका कपाटात आणली. मालकी ज्याची त्याचीच राहिली, वापर सगळ्यांचा. कपाटाला लटकवलेली एक वही: कोणी नेलं, किती वाजता, कधी परत, आणि परत ठेवताना तपासून किती आलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उपकरण पडलं असेल तर ते तिथल्या तिथे कळतं, मग ‘आधीच बिघडलेलं होतं’ हा वाद उरत नाही.

नियम मोडला तर काय, यावर मात्र बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाले, पहिल्याच चुकीला बाहेर काढा, म्हणजे धाक राहील. काका, आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, म्हणाले की असा नियम केला तर कुणी चूक सांगणारच नाही. ठरलं असं: पहिल्या वेळी दुरुस्तीपुरते पैसे, दुसऱ्या वेळी दुरुस्ती आणि वर दंड, तिसऱ्या वेळी काही काळ कपाट बंद. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामाविषयी वाचलं तेव्हा काकांचं म्हणणं किती पक्कं होतं ते उमगलं. कालवे, मासेमारी, कुरणं लोक शतकानुशतकं मिळून कशी सांभाळतात याचा अभ्यास त्यांनी केला आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जे समान धागे दिसले त्यात हाही होता: शिक्षा सौम्य सुरू होते आणि पायरीपायरीने वाढते, आणि नजर ठेवणारे लोक त्याच वापरकर्त्यांपैकी असतात.

कपाट नीट चाललेलं पाहून ओळीतले बाकीचे हळूहळू आत आले, आणि मग पुन्हा पोलादाचा विषय निघाला. या वेळी अनामत, संघ, घटना यांचं नावच काढलं नाही. एकाच ग्रेडचा माल, एक गाडी. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं बिल आपल्या नावावर घ्यायचं आणि पैसे थेट माल देणाऱ्याला द्यायचे. मध्ये कुणाचंच खातं नाही. माल उतरताना वजनकाट्याची पावती सगळ्यांना दाखवायची, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, ज्याला आम्ही नुसतं टीसी म्हणतो, त्याची प्रत प्रत्येकाला द्यायची. बारची निवड हा नाजूक भाग, कारण गंजलेले, वाकलेले बार कुणालाच नको असतात. त्यासाठी काकांनी सुचवलं की मागणीची जुळवाजुळव ज्याच्याकडे असेल त्याने वाटे करायचे, आणि स्वतः सगळ्यात शेवटी उचलायचं. त्यानंतर वाट्यांवरून कधी कटकट झाली नाही.

काही खेपा सुरळीत गेल्या. माल वाढला, एकाचे दोन ग्रेड झाले, आणि उरलेला माल काकांच्या गाळ्यामागच्या रॅकवर ठेवायला लागलो, कारण बँडसॉ, म्हणजे बार कापायची यांत्रिक करवत, त्यांच्याकडे होती. ईएन-८ म्हणजे साधं मध्यम कार्बनचं पोलाद, ईएन-१९ मध्ये वर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बारच्या एका टोकाला ग्रेडप्रमाणे रंग मारायचा, ही सगळीकडचीच पद्धत.

मग ते प्रकरण झालं. आमच्यातल्या एकाचे ईएन-१९ चे शाफ्ट हीट ट्रीटमेंटहून आले आणि गिऱ्हाइकाने सगळे परत पाठवले. कडकपणा रॉकवेल सी मापावर २८ ते ३२ हवा होता, निम्मे शाफ्ट २० च्याही खाली, जिथे ते मापच भरवशाचं राहत नाही. कडक करणाऱ्याने सांगितलं, माझी भट्टी ठीक आहे, तुमचा मालच वेगळा आहे. झालं. रॅकवरून कुणीतरी बार बदलले असं बोलणं सुरू झालं. स्वस्तातला माल ठेवून महागातला नेला, असं. नाव कुणी घेत नव्हतं आणि म्हणूनच सगळेच संशयात आले. पुढची खेप थांबली. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की दोघांनी गेजच्या कपाटातून आपली उपकरणं परत नेली. त्या कपाटाचा पोलादाशी काही संबंध नव्हता. वही चोख होती, एकही उपकरण बिघडलेलं नव्हतं. अविश्वास असा पसरतो. जिथे काहीच बिनसलेलं नाही तिथलंही उखडून नेतो.

तर्क लढवणं थांबवायचं तर तपासणं भाग होतं. नासलेल्या शाफ्टचा तुकडा स्पेक्ट्रो तपासणीला दिला; पोलादात कुठला धातू किती आहे ते तिच्यात कळतं. ईएन-१९ मध्ये क्रोमियम सुमारे १ टक्का असायला हवं, या तुकड्यात ते नावालाच होतं. म्हणजे साधा ईएन-८. मग भाऊ, मी आणि ज्याचे शाफ्ट गेले होते ते, असे तिघं रॅकपाशी गेलो आणि एकेक बार बाहेर ओढला. ईएन-१९ च्या खणात काही आखूड बार निघाले, ज्यांच्या दोन्ही टोकांना रंगच नव्हता. दोन्हीकडे करवतीची ताजी चमक. कारण लक्षात यायला वेळ लागला नाही. बार नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा असतो, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर रंग शाबूत राहतो. इथे कुणीतरी रंगाच्या बाजूने कापलं होतं. रंग कापलेल्या पीसबरोबर गेला आणि उरलेला ईएन-८ निनावी होऊन चुकीच्या खणात जाऊन बसला.

संध्याकाळी सगळे जमले. आम्ही काही बोलायच्या आधी काका उभे राहिले. म्हणाले, “बँडसॉ माझी, पोरगा माझा. त्याला कुठल्या बाजूने कापायचं ते मीच सांगितलं नव्हतं. नुकसान मी भरतो.” क्षणभर कुणाला काय बोलावं कळेना. मग ज्यांचे शाफ्ट गेले होते तेच म्हणाले, “काका, एकाच टोकाला रंग मारायचं आपण सगळ्यांनी ठरवलं होतं. करवत तुमची असली तरी नियम आपला सगळ्यांचा होता.” त्यावर बराच खल झाला. दोघांना वाटत होतं की ज्याच्याकडे कापलं त्यानेच भरावं, आणि त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी निम्मं काकांनी द्यायचं, उरलेलं निम्मं बाकीच्यांनी सारखं वाटून घ्यायचं ठरलं. रंग दोन्ही टोकांना मारायचा, कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर पंचाने ठोकायचा, आणि ज्या तुकड्यावर नंबर नाही तो कितीही लांब असला तरी भंगारात टाकायचा.

आमची एकी त्या संध्याकाळनंतर खरी झाली असं मी मानतो. तोवर आम्ही फायदा वाटून घेत होतो. नुकसान आलं तेव्हा ते कसं वाटलं जाईल हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी लपवलं असतं तर पचलंही असतं, कारण तुकड्यांवर कुणाचं नाव नव्हतं. त्यांनी सांगितलं म्हणून पुढच्यांना सांगता आलं. त्यानंतर वहीत ‘पडलं’, ‘वाकलं’, ‘माझ्याकडून झालं’ अशा नोंदी यायला लागल्या, ज्या आधी येत नव्हत्या. कपाटातून नेलेली उपकरणंही परत आली.

चांगलं चालायला लागलं की एक मोह होतोच. कुणीतरी म्हणालं, आता एकी आहेच, तर दरही एकच ठेवू, म्हणजे मोठे कारखाने आपल्याला एकमेकांविरुद्ध खेळवणार नाहीत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की एकाच धंद्यातली माणसं मौजेसाठी जरी भेटली तरी बोलणं शेवटी लोकांविरुद्धच्या कटावर किंवा भाव वाढवण्याच्या युक्तीवर येऊन ठेपतं. अनेक देशांत हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा. मी कडाडून विरोध केला, आणि कायद्याखेरीज त्याला एक आतलं कारणही होतं. आमचं जे जे टिकलं होतं ते तपासता येण्याजोगं होतं: वजनाची पावती, टीसी, गेजची नोंद. दराचं वचन असं तपासता येत नाही. बंद पाकिटात कोण किती कमी लिहितो ते कुणाला दिसणार? एक मोठं काम हातचं गेलं की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पाकिटावर संशय घेणार, आणि रंगाच्या टोकावरून झालं त्याच्या दहापट होणार. शेवटी उलटाच नियम झाला: कोटेशन, दर आणि कोण कुठल्या गिऱ्हाइकाकडे जाणार, याविषयी बैठकीत बोलायचंच नाही.

एकमेकांचे कारागीर घ्यायचे नाहीत, ही सूचनाही अशीच आली आणि आम्ही ती नाकारली. तसा करार म्हणजे कामगाराच्या कमाईला परस्पर टाच मारणं. अमेरिकेत २०१० मध्ये न्याय खात्याने अ‍ॅपल, गूगल, इंटेल यांच्यासह काही नामांकित कंपन्यांवर याच कारणासाठी दावा लावला होता. आणि फिरत्या कारागिरामुळे ओळीचं नुकसान होतं हेही अर्धसत्य आहे. कॅलिफोर्नियात नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारे करार १८७२ पासून जवळपास निरर्थक ठरतात, आणि सिलिकॉन व्हॅली तिथेच वाढली. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये एकाच धंद्याच्या वस्त्यांविषयी लिहिताना म्हटलं होतं की तिथे धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, ती जणू हवेतच असतात. आमच्याकडे इंटरनल थ्रेडिंगची एक चांगली युक्ती एक पोरगा दुसऱ्या गाळ्यातून शिकून आला आणि पाहता पाहता ती सगळीकडे झाली. ती कुणी कुणाकडून चोरली असं आता कुणाच्या मनातही येत नाही.

सगळे मात्र राहिले नाहीत. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या गाळ्याला एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं की आमचं काम हवं असेल तर माल आम्ही सांगू तिथूनच घ्यायचा आणि कामं बाहेर द्यायची नाहीत. त्यांनी गिऱ्हाईक निवडलं. त्या वेळी मला राग आला होता. पण हे फार मोठ्या ठिकाणीही घडलेलं आहे. ब्राझीलच्या सिनोस खोऱ्यात शेकडो बूट-कारखाने दाटीने वसलेत. १९९० च्या दशकात चिनी मालाची स्पर्धा वाढली तेव्हा मिळून दर्जा उंचावायचा प्रयत्न झाला, आणि तो ढेपाळण्याचं एक कारण असं की काही सगळ्यात मोठ्या निर्यातदारांनी शेजाऱ्यांपेक्षा परदेशी खरेदीदाराशी असलेलं नातं वर ठेवलं. याच्या बरोबर उलट पाकिस्तानातल्या सियालकोटला झालं. १९९४ मध्ये अमेरिकेने दर्जाच्या कारणावरून तिथल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या आयातीवर निर्बंध घातले. तो फटका एकाच वेळी सगळ्यांना बसला, आणि स्थानिक उत्पादक संघटनेने पुढाकार घेऊन कारखान्यांना दर्जाच्या प्रमाणपत्रापर्यंत नेलं. बाहेरचा दबाव सगळ्यांवर सारखा पडला तर माणसं जवळ येतात. एकावरच पडला आणि त्याला सोडवायला बाकीच्यांकडे काही नसलं तर तो जातो. आमच्या त्या शेजाऱ्याने जाताना कपाटाची किल्ली स्वतः आणून दिली आणि देणं चुकतं केलं. बोलणं तुटलेलं नाही.

फार घट्ट होण्याचाही धोका आहे, हे मी हल्ली जास्त बोलतो. न्यूयॉर्कच्या कपडे बनवणाऱ्या कंपन्यांचा ब्रायन उझी यांनी १९९० च्या दशकात अभ्यास केला. जवळच्या, भरवशाच्या नात्यांतून धंदा करणाऱ्या कंपन्यांना त्याचा फायदा होतो, पण सगळाच व्यवहार त्याच वर्तुळात अडकला की फायदा उलटतो, कारण बाहेरची खबर येणं थांबतं. म्हणून आम्ही अधूनमधून बाहेरच्या व्यापाऱ्यांकडूनही भाव मागवतो, आणि प्रत्येकाने काही माल स्वतंत्रपणे घ्यावा असा माझा आग्रह असतो. काकांना तो फारसा पटत नाही. त्यांचं म्हणणं, आपल्या माणसाकडे मिळत असताना बाहेर कशाला जायचं. यावर आमचं एकमत होईल असं वाटत नाही.

नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी आता एक रीत बसली आहे. आधी फक्त गेजचं कपाट आणि वही. ते व्यवस्थित झालं की मालाच्या खेपेत वाटा, तोही आपल्या नावच्या बिलावर. रॅकवर माल ठेवायची मुभा त्यानंतर. मध्यंतरी एक तरुण कारखानदार थेट रॅकचा वाटा मागत होता, पैसेही जास्त द्यायला तयार होता. त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण पायऱ्या गाळल्या नाहीत. सध्या तो वही भरतोय, आणि नोंदी नीट करतोय.

सीएमएम, म्हणजे पीसची सगळी मापं अचूक घेणारं यंत्र, मिळून घ्यायचं की नाही, हा सध्याचा विषय आहे. भाऊ आणि मी घ्यायच्या बाजूचे. काका आणि आणखी दोघं म्हणतात की आजवर प्रत्येक वस्तूची मालकी कुणा एकाची होती, म्हणूनच वाद मिटवता आले. सगळ्यांच्या मालकीचं यंत्र बिघडलं तर ते कोणाचं? या प्रश्नाला माझ्याकडे अजून पटण्याजोगं उत्तर नाही. तोवर एकाने यंत्र घ्यावं आणि बाकीच्यांनी ठरावीक तासांचं भाडं आधीच बांधून द्यावं, असा मसुदा भाऊंनी लिहायला घेतलाय. पुढच्या बैठकीत तो मांडणार आहोत.